कॉलेजचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक बालमंदिरात गेल्या आणि त्यातून गावोगावच्या अंगणवाडीची वाट निघाली

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठावर नामपूर नावाचं गाव आहे. कांद्याचे लिलाव आणि डाळिंबाच्या बागा यामुळे आसपासच्या गावांची इथे कायम वर्दळ असते.

समजा, या नामपूरमधल्या एका मुलीने मानसशास्त्रात बी. ए. केलंय. मोबाइलवर तिला एक रील दिसतं. लहान मुलाचा मेंदू शिकतो कसा, या एवढ्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, त्याला एज्युकेशनल न्यूरोसायन्स म्हणतात, असं त्यात सांगितलेलं असतं. रील संपतं आणि तिला आपल्याकडच्या कुठल्याही पोरीला पडेल तोच प्रश्न पडतो. हे शिकून पुढे करायचं काय?

गंमत म्हणजे या प्रश्नाचं एक उत्तर तिच्या घराशेजारीच असतं. गावातली अंगणवाडी.

कारण अंगणवाडीची कल्पना ज्या बाईंच्या कामातून पुढे आली, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच विषय निवडला होता. तेव्हा मेंदूचे स्कॅन नव्हते आणि या नावाची पदवीही नव्हती. होतं ते एक इटालियन डॉक्टर बाईंनी मांडलेलं नवं शास्त्र आणि पदरात एक लहान मुलगी. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाच्या कामातले, त्यामुळे घरात सुधारकी वारं होतं. मुलींनी शिकायचं की नाही यावर जिथे बाकीच्या घरांत भांडणं होत, तिथे या घरात ते गृहीत होतं.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. विषय तत्त्वज्ञान. त्या काळात पदवीधर मराठी बाई ही बोटावर मोजण्याइतकी गोष्ट होती. लग्न झालं ते अमरावतीच्या मोडक वकिलांशी. संसार काही टिकला नाही. १९२१ साली हे लग्न मोडलं आणि पदरात मुलगी घेऊन ताराबाई एकट्या उभ्या राहिल्या.

आजही नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला किती प्रश्नांना तोंड द्यावं लागतं ते आपण बघतो. हे तर १९२१ साल होतं. ताराबाईंनी नोकरी धरली आणि ती साधीसुधी नव्हती. काठेवाडात राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं, शिक्षिका तयार करणारं. त्याच्या प्राचार्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय बाई. पगार चांगला, मान मोठा, आणि एकट्या बाईला हवी असते ती सुरक्षितताही होती.

अडचण मात्र घरातच होती. दिवसभर शिक्षिकांना शिकवायचं कसं ते शिकवणाऱ्या या प्राचार्य बाईंना आपली स्वतःची मुलगी घालावी अशी शाळा दिसेना.

त्या काळची शाळा म्हणजे ओळीत बसवलेली मुलं, घोकंपट्टी आणि हातात छडी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तर बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं. त्या वयाच्या पोराला काही शिकायचं असतं हेच कुणाला पटत नव्हतं. आणि याच वेळी ताराबाईंच्या वाचनात आली मारिया माँटेसरी.

या माँटेसरी बाईंची थोडी ओळख करून घ्यायला हवी, कारण आजच्या एज्युकेशनल न्यूरोसायन्सचं एक मूळ त्यांच्याकडे सापडतं. त्या १८९६ साली रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. तिथल्या मनोरुग्ण विभागात काम करताना मतिमंद म्हणून वेड्यांसोबत कोंडून ठेवलेली मुलं त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इटार आणि सेगाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं जुनं काम त्यांनी शोधून काढलं. हात, डोळे, कान यांना काम दिलं की ही मुलंही शिकतात, हे स्वतः करून पाहिलं.

मग एवढ्या शिकलेल्या डॉक्टर बाई पुन्हा विद्यापीठात जाऊन बसल्या, या वेळी शिक्षणशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकायला. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालघर सुरू केलं. वैद्यकशास्त्र आणि शाळा या दोन टोकांना जोडणारं पदव्युत्तर शिक्षण अशा रीतीने एका बाईने आपलं आपणच तयार करून घेतलं होतं.

ताराबाईंना कळलं की हे शास्त्र आपल्या हाकेच्या अंतरावर कुणीतरी वापरून बघतंय. राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथे १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केलं होतं.

गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं या विचारात पडले, माँटेसरीचं वाचलं आणि वकिली सोडून लहान मुलांत रमले. गुजरातीत त्यांना मूछाळी मा म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. स्वतःच्या पोराच्या काळजीने दोन शिकलेल्या माणसांना एकाच दारात आणून उभं केलं, असंच म्हणायला पाहिजे.

१९२३ साली ताराबाईंनी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला आणि मुलीला घेऊन भावनगर गाठलं. कॉलेजच्या प्रमुख असलेल्या बाई तीन-चार वर्षांच्या मुलांच्या शाळेत कामाला लागल्या. हिशोबाने बघायला गेलं तर याला पदावनती म्हणतात. एकट्या आईने चांगल्या पगाराची नोकरी अशी सोडावी का, यावर लोक काय बोलले असतील याची कल्पना आपण करू शकतो.

पुढची नऊ वर्षं त्या तिथे होत्या. ताराबाईंचं खरं पदव्युत्तर शिक्षण झालं ते इथे.

शिकायचं काय, तर बघायचं. मूल काय उचलतं, किती वेळ त्यात रमतं, कुठे अडतं, कधी सोडून देतं. मोठ्या माणसाने मधे न पडता हे बघत बसणं ऐकायला सोपं वाटतं. घरातल्या पोराला बटण लावताना दहा मिनिटं गप्प बसून बघून दाखवा, म्हणजे कळेल किती अवघड आहे ते.

माँटेसरीच्या पद्धतीत ठरावीक साधनं होती. लहान-मोठ्या ठोकळ्यांचा मनोरा, भोकांत नेमके बसणारे दट्टे, बोट फिरवून ओळखायची खरखरीत कागदाची अक्षरं. मूल हाताने करतं, चूक त्याची त्यालाच कळते, मास्तरांनी सांगायची गरज पडत नाही. भावनगरला हे सगळं होतंच, पण गिजुभाई आणि ताराबाईंनी त्यात आपल्या मातीतल्या गोष्टी घातल्या. लोककथा, गाणी, नाटक, नाच. माँटेसरी बाईंना लहान मुलांना परीकथा सांगणं फारसं पसंत नव्हतं. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र गोष्ट सांगणं हा दिवसाचा जीव होता. बाहेरचं शास्त्र घ्यायचं पण आपल्या पोरांकडे बघून त्यात फेरफार करायचा, ही सवय ताराबाईंना इथे लागली.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिराला जोडून शिक्षक तयार करणारं अध्यापन मंदिर होतं. शिक्षणपत्रिका नावाचं मासिक गुजरातीत निघत होतं, पुढे त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. मुलाच्या हट्टावर, शिस्तीवर, खेळावर त्या आयांना समजेल अशा भाषेत लिहायच्या. आज पालकत्वावर रील बनवणारे जे करतात, ते त्या मासिकाच्या पानांवर करत होत्या. फरक एवढाच की लिहिण्याआधी त्यांनी कित्येक वर्षं मुलांचं निरीक्षण केलं होतं.

१९३२ साली त्या भावनगर सोडून मुंबईत परतल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. मराठी मध्यमवर्गाला बालमंदिर म्हणजे काय ते इथे कळलं. शिक्षिका तयार करण्याचं कामही सोबत चालू झालं. १९३९ साली गिजुभाई गेले आणि संघाचा भार मुख्यतः ताराबाईंवर आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द माँटेसरी बाई भारतात आल्या. मद्रासजवळ अड्यारला त्यांनी घेतलेल्या पहिल्या प्रशिक्षण वर्गाला तीनशेच्या वर लोक आले. मग युद्धात इटली उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने या मायलेकरांचा देश शत्रू ठरला. त्यांचा मुलगा मारिओ याला नजरकैदेत टाकलं ते आपल्या अहमदनगरला. ३१ ऑगस्ट १९४० ला, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याला सोडून देण्यात आलं. ही ३१ ऑगस्ट तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

दादरला सगळं छान चाललं होतं. पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती.

माँटेसरी पद्धत सुरू झाली रोमच्या गरीब वस्तीत. भारतात येईपर्यंत ती पैसेवाल्यांची झाली होती. मापात कापलेली लाकडी साधनं महाग, त्यासाठी स्वतंत्र खोल्या हव्यात, प्रशिक्षित बाई हवी, फी हवी. मूल कसं शिकतं याचं जे शास्त्र सगळ्या मुलांना लागू होतं, त्याचा फायदा मिळत होता शहरातल्या मूठभरांना. माँटेसरी स्वतः साधनांच्या नेमकेपणाबाबत फार काटेकोर होत्या, त्यामुळे स्वस्तातला मार्ग काढणं म्हणजे शास्त्राशी तडजोड, असं मानणारेही होते.

ताराबाईंनी वयाच्या ५३ व्या वर्षी यावर निर्णय घेतला. १९४५ साली त्यांनी मुंबई सोडली आणि बोर्डी गाठलं.

बोर्डी हे समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये. गांधीजींच्या विचारांनी भारलेली माणसं तिथे शाळा चालवत होती. याच काळात बोर्डीच्या मागच्या डोंगरपट्ट्यात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटत होता. म्हणजे ताराबाई गेल्या ते काही निवांत निसर्गरम्य ठिकाण नव्हतं.

इथे त्यांना भेटल्या अनुताई वाघ. भेटल्या म्हणण्यापेक्षा त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई सोबत निघाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. शिकून शिक्षिका झाल्या, नोकरीची पहिली वर्षं त्यांनी काढली ती आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात, नंतर पुण्याच्या हुजूरपागेत. नाशिकच्या खेड्यातली शाळा बघितलेल्या बाईला बोर्डीत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज असणार. ताराबाईंकडे शास्त्र होतं आणि अनुताईंकडे खेड्याचा अनुभव. पुढची २८ वर्षं ही जोडी सुटली नाही.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. पहिला धडा होता आंघोळीचा. मुलं यायची ती खरजेने, उवांनी बेजार झालेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग खेळ. हे बघून गावकऱ्यांना वाटायचं, शाळा म्हणतात आणि पोरांना अंघोळी घालत बसतात.

साधनांचा प्रश्न त्यांनी समुद्राकडे आणि झाडांकडे बघून सोडवला. शिंपले, शंख, चिंचोके, बिया, पानं, माती, बांबूचे तुकडे. लहान-मोठा, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलका हे शिकायला इटलीहून ठोकळे आणायची गरज नव्हती. मोजायला चिंचोके चालत होते. बोटांची तयारी करायला घरातली कामं होती, निवडणं, पाखडणं, ओवणं. माँटेसरीच्या साधनामागचा हेतू काय हे ज्याला नीट कळलंय, त्यालाच हा बदल करता येतो. नुसतं सर्टिफिकेट घेतलेला माणूस साधन हरवलं की अडतो.

पण मुलं यायला तर हवीत. गावातली मुलं यायची, हरिजनवाड्यातली यायची नाहीत. कुणी येऊ नका असं तोंडावर म्हणण्याची गरज नसते, जात तेवढं काम आपोआप करते. शिवाय आईबाप पहाटेच मजुरीला जायचे, पोरांना आणून सोडणार कोण?

मग ताराबाईंनी बालवाडीच उचलली. सामानाची पिशवी घेऊन बाई त्या वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली मुलं गोळा व्हायची, तिथेच आंघोळ, तिथेच गाणी, तिथेच शिंपले. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी. एक ठिकाण धरून चालणारी मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवर जाणारी अंगणवाडी, असे दोन प्रकार तयार झाले.

आज अंगणवाडी म्हटलं की खिचडी, लसीचा दिवस आणि रजिस्टर भरणाऱ्या ताई डोळ्यांपुढे येतात. हा शब्द मुळात जातीची भिंत आणि शाळेचा उंबरठा एकाच वेळी ओलांडण्यासाठी आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ताराबाई आणखी आत सरकल्या ते १९५७ साली, पासष्टीला आल्यावर. बोर्डीजवळ कोसबाडची टेकडी आहे. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तिथे त्यांनी विकासवाडी उभी केली.

इथली अडचण वेगळीच होती. सहा-सात वर्षांचं पोर शाळेत येत नव्हतं कारण त्याच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. ते सोडून येणार कसं? ताराबाईंनी एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा सुरू केली. धाकट्याला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत, आणि मोठ्याने वर्गात बसायचं. जी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्यामागे शाळा कुरणात गेली. त्याला नाव पडलं कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली शिकतायत, एखादं वासरू लांब गेलं की विद्यार्थी उठून पळतोय.

आता जरा थांबून बघू, हे सगळं आजच्या मेंदूविज्ञानाच्या कसोटीवर कुठे बसतं.

काही बाबतीत तर ते चपखल बसतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. याचा अर्थ सहानंतर दारं बंद होतात असा नाही, पण सुरुवातीची वर्षं फुकट घालवू नयेत एवढं नक्की. आयोडीन कमी पडलं तर वाढत्या मेंदूचं नुकसान होतं, तान्हेपणी लोह कमी पडलं तर पुढच्या शिकण्यावर त्याचा परिणाम दिसतो. भुकेलं, खरजेने रडणारं पोर आधी बरं करायचं आणि मग शिकवायचं, हा बोर्डीतला क्रम डॉक्टरांनाही मान्य होईल.

काही बाबतीत मात्र शास्त्र पुढे गेलंय. त्या खरखरीत अक्षरांचंच घ्या. अमेरिकेतल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी अक्षरं तीन तऱ्हांनी शिकली. हाताने काढून, गिरवून आणि टाइप करून. मग स्कॅनरमध्ये त्यांचा मेंदू बघितला. वाचनाशी संबंधित भाग जागा झाला तो स्वतःच्या हाताने, वेडीवाकडी का होईना, अक्षरं काढलेल्या मुलांचा. टाइप करण्याने तो परिणाम दिसला नाही, आणि नुसत्या गिरवण्यानेही हाताने काढण्याइतका दिसला नाही. म्हणजे हाताला काम द्यायचं ही माँटेसरीची आणि ताराबाईंची दिशा बरोबर, पण गिरवून घेतलं की झालं असं समजणाऱ्या बालवाड्यांनी जरा विचार करायला हवा.

ताराबाईंनी स्कॅनर कधी पाहिला नाही. मेंदूतली हालचाल दाखवणारं हे तंत्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलं, तेव्हा त्यांना जाऊन जवळजवळ वीस वर्षं होत आली होती. त्यांचं यंत्र एकच, डोळे. आणि त्या यंत्राला स्कॅनरपेक्षा एक गोष्ट जास्त दिसत होती. स्कॅनरमध्ये मुलाला न हलता पडून राहावं लागतं, कुरणशाळेतलं पोर वासरामागे पळत असतं.

हाच मुद्दा १९९७ साली जॉन ब्रुअर या अमेरिकन अभ्यासकाने वेगळ्या अंगाने मांडला. मज्जापेशीपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधायला जाल तर तो कोसळेल, मधे मानसशास्त्राचा खांब लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. या विषयातले लोक आजही त्यावर वाद घालतात. वाद घालावा असंच ते आहे, कारण मेंदूच्या नावावर काय काय विकलं जातं ते आपण बघतो. उजवा मेंदू, डावा मेंदू, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचे क्लास. यातल्या एकालाही शास्त्राचा आधार नाही. हजारो रुपये फी भरलेल्या पालकांना हे सांगायला कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं, आणि नामपूरच्या त्या मुलीला या विषयात काय करता येईल याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं.

बाकीचीही उत्तरं आहेत. लंडनमध्ये बर्कबेक, युनिव्हर्सिटी कॉलेज आणि इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन यांनी मिळून २००८ साली एज्युकेशनल न्यूरोसायन्सचं केंद्र सुरू केलं, या विषयाच्या नावाने पदव्युत्तर पदवी तिथे मिळते. भारतात याच नावाच्या पाटीमागे लागण्यापेक्षा कॉग्निटिव्ह सायन्स किंवा मानसशास्त्राच्या वाटेने जाणं सोपं. आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठ इथे त्याचं उच्च शिक्षण आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे.

या मानेसरच्या केंद्राने केलेलं एक काम मराठी माणसाने माहीत करून घ्यावं असं आहे. वाचनात अडखळणारी मुलं, म्हणजे डिस्लेक्सिया असलेली, ओळखायची चाचणी आपल्याकडे वर्षानुवर्षं इंग्रजीतून व्हायची. मराठीतून शिकणारं पोर इंग्रजी चाचणीत नापास झालं तर दोष मेंदूचा की भाषेचा, कळणार कसं? या केंद्राने डाली नावाची चाचणी तयार केली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीतही आहे. अशी चाचणी तयार करायला मेंदू समजणारा माणूस लागतो, तसाच मराठी समजणाराही लागतो.

नोकऱ्या म्हणाल तर चाचण्या तयार करणं, पाठ्यक्रम आणि खेळणी-साधनं आखणं, शिक्षकांना प्रशिक्षण देणं, शाळेत समुपदेशक होणं, संशोधन, असा पसारा आहे. विशेष शिक्षक व्हायचं असेल तर मात्र नुसती ही पदवी पुरत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. प्रवेश घेण्याआधीच हे तपासलेलं बरं, नाहीतर दोन वर्षं आणि कर्ज दोन्ही अंगावर येतात.

परत कोसबाडला येऊ.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी अनुताई बी. ए. झाल्या होत्या, वयाच्या ५१ व्या वर्षी. दिवसभर वारली मुलांमागे धावणारी बाई रात्री परीक्षेचा अभ्यास करत होती. ताराबाई तरुणपणी पदवी घेऊन नंतर खेड्यात आल्या, अनुताईंनी खेड्यात काम करता करता पदवी घेतली.

ताराबाईंच्या आयुष्यावर पुढे रत्नाकर मतकरींनी घर तिघांचं हवं हे नाटक लिहिलं. नाव वाचलं की मोडलेला संसार आणि ती लहान मुलगी आठवते. हजारो मुलांसाठी जागा करून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घराची गोष्ट रंगभूमीला जास्त जवळची वाटावी, हे समजण्यासारखं आहे. मात्र राजकोटची खुर्ची सोडताना त्यांनी ज्या मुलीचा विचार केला, तिच्यामुळेच बाकीच्या मुलांचा रस्ता सुरू झाला, हेही खरं.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या, वय ८१. तारीख तीच, मारिया माँटेसरीच्या जन्माची आणि अहमदनगरच्या नजरकैदेतून मारिओ सुटल्याची.

कोसबाडची टेकडी अनुताईंनी सांभाळली. त्यांनी तिथल्या दिवसांवर कोसबाडच्या टेकडीवरून हे पुस्तक लिहिलं आणि १९९२ साली त्याही गेल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशातले फक्त ३३ विभाग त्यात होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळेआधीचं शिक्षण, अशी सहा कामं एका छपराखाली आणली. त्या छपराला देशभर नाव मिळालं अंगणवाडी. तमिळनाडूत असो की आसाममध्ये, सरकारी कागदावर आजही हाच शब्द लिहिला जातो.